मागल्या दाराने आलेला विषाणू

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो, वृद्धाश्रमांत कोरोना कसा पसरतो आणि पसरताना कसा बदलतो, असा माझा विषय पत्रिकेत छापलेला आहे. परंतु त्याआधी मला एका फाटकाविषयी बोलायचे आहे. २०२० साली माझी मावशी सासष्टीतल्या एका वृद्धाश्रमात होती आणि तिची मुले आखातात अडकलेली असल्यामुळे विचारपूस करणारा मीच होतो. फाटकावरचा रखवालदार माझ्या कपाळावर तापमापक रोखी, चौऱ्याण्णव अंशांची नोंद निमूटपणे वहीत करी (त्या आकड्याप्रमाणे मी केव्हाच गार पडलो होतो!) आणि एवढे सोपस्कार आटोपल्यावर नातेवाइकांना आत सोडत नाहीत, असे सांगून मला परत पाठवी. तुम्ही हसता आहात, म्हणजे ती वही तुमच्याही परिचयाची दिसते. त्याच वेळी स्वयंपाकघराकडच्या दाराने रात्रपाळीच्या बाया आत जात. त्यांपैकी काहीजणी दिवसा दुसऱ्या आश्रमात राबत, कारण एका पगारात घर चालत नसे. त्यांची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. मी दोष त्या बायांना देत नाही, व्यवस्थापनाला देतो. आजारपणाची रजा घेतली की दिवस कापणाऱ्याने खोकला लपवला जातो म्हणून तक्रार करू नये.

हे केवळ माझे गाऱ्हाणे नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहाशी १८ मार्च २०२० पर्यंत १६७ रुग्ण जोडले गेले, त्यांत १०१ निवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीस आलेले लोक होते. निवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. आजारी असताना कामावर येणारे आणि एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे कर्मचारी हे तेथल्या प्रसाराचे एक कारण ठरले. त्याच परगण्यातील दुसऱ्या शुश्रूषागृहात सरसकट तपासणीत ४८ निवासी बाधित आढळले, त्यांतल्या २७ जणांना त्या दिवशी कोणतेही लक्षण नव्हते आणि २४ जणांना ते पुढे दिसू लागले. अशांना तापमापक कसा अडवणार? शिवाय भरवणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे ही कामे हातभर अंतरावरून होत नाहीत, आणि आपल्याकडे पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या की एकाची हवा साऱ्या दालनाची होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उत्क्रांती घाईनेच उरकतो. या विषाणूच्या जनुकीय मजकुरात सुमारे तीस हजार अक्षरे असून प्रसारसाखळीत महिन्याला साधारण दोन बदल टिकतात. त्यामुळे एका आश्रमातले नमुने जवळजवळ सारखे निघाले, तर विषाणू बहुधा एकदाच शिरून आत फैलावला. ते ठळकपणे वेगळे निघाले, तर तो अनेकदा बाहेरून आला. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बहुधा मोजकेच कण संसर्ग रुजवतात, म्हणून शरीरात घडलेले बहुतेक बदल तिथेच विरतात. मोठी झेप संभवते ती प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णात, जिथे विषाणू महिनोन्महिने ठाण मांडतो आणि दुबळ्या प्रतिपिंडांना चुकवणारे बदल साठवत जातो. असा निवासी आढळला, तर ठरावीक दिवस भरले म्हणून त्याला सामायिक खोलीत परत पाठवू नये. तपासणी पुन्हा करावी आणि शक्य असल्यास त्याच्या नमुन्याचा जनुकीय क्रमही वाचावा.