रूम नंबर ३०५ : कोरियन वेबटूनमधले शेजारी

(सोलची मेट्रो, लाईन २. दांगसान स्टेशन सोडून गाडी हान नदीच्या पुलावर येते.)

खिडकीबाहेर हान नदी आहे, पाण्यावर मावळतीचं ऊन पडलंय, आणि डब्यात एकानेही मान वर केलेली नाहीये. अंगठे मात्र सगळ्यांचे चालू. कोणी बातम्या बघतंय, कोणी मेसेज टाईप करतंय, पण ही दारापाशी उभी असलेली मुलगी बघा, तिचा अंगठा थांबतो, मग हळूच सरकतो, परत थांबतो. ती वेबटून वाचतेय.

वेबटून म्हणजे कोरियातलं मोबाईलवरचं कॉमिक. पान उलटायचं कामच नाही, वरून खाली एकच लांबलचक पट्टी. दाउम आणि नेव्हर या कोरियातल्या दोन मोठ्या वेबसाइट. दाउमने हा प्रकार २००३ मध्ये सुरू केला, नेव्हरने २००४ मध्ये. नेव्हरचं ॲप उघडलं की वरती सोमवार ते रविवार असे वार दिसतात, प्रत्येक कॉमिकचा वार ठरलेला. आणि लोक खरंच वाट बघतात, आदल्या रात्री नवा भाग पडला की झोपायच्या आधी वाचून टाकतात. याच पट्टीवर समलैंगिक माणसं वाचकांच्या शेजारी कशी राहायला आली, त्याची ही गोष्ट.

(टेबल. ड्रॉइंग टॅब्लेट. फक्त हात.)

हे हात एका चित्रकार मुलीचे. चेहरा दाखवू नका, नाव घेऊ नका, एवढीच तिची अट होती. आठवड्याला ६०-७० चौकटी काढायच्या असतात, मागच्या इमारती, जिने, वर्गातली बाकं हे सगळं थ्रीडी मॉडेलवरून येतं, रंग भरायला एक असिस्टंट आहे, पण दोन गोष्टी ती दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. एक चेहरे, आणि दुसरी मोकळी जागा.

मोकळी जागा म्हणजे दोन चौकटींच्या मधला पांढरा भाग. आता बघा, वरच्या चौकटीत बसस्टॉपवर दोन मुली बसल्यात, खालच्या चौकटीत एकीने दुसरीच्या हातावर हात ठेवलाय. मध्ये आधी बोटभर जागा होती, तिने ती वाढवली, वीतभर केली, मग स्वतःच्या फोनवर टाकून अंगठ्याने सरकवून बघितलं, मान हलवली आणि परत वाढवली. छापलेल्या पुस्तकात पान उलटलं की नजर आधीच खालच्या कोपऱ्यात जाऊन येते, काय होणारे ते कळून जातं. इथे पुढचं दिसतच नाही. जेवढी पांढरी जागा तेवढा वेळ वाचकाचा जीव टांगणीला, आणि तो हात हातावर पडतो तेव्हा तो वाचकाच्याच अंगठ्याने पडलेला असतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाचक ते नुसतं बघत नाही, स्वतः घडवून आणतो.

(जुनी मानह्वाबांग. कॉमिकनी भरलेली कपाटं, टेबलावर रामेनचा वाडगा.)

पूर्वी कॉमिक वाचायचं तर अशा मानह्वाबांगमध्ये यायचं, तासाचे पैसे द्यायचे, चार लोकांच्या देखत कपाटातून पुस्तक काढायचं. आणि टीव्ही म्हणजे तर अख्ख्या घराचा. २००० मध्ये हाँग सॉक-चॉन या अभिनेत्याने आपण गे असल्याचं जाहीर केलं आणि त्याची टीव्हीवरची कामंच बंद झाली. १९९७ पासून मुलांसाठी घातक मजकूर कोणता याच्या सरकारी निकषांत समलैंगिकता हा शब्द लिहिलेला होता, मानवाधिकार आयोगाने सांगितल्यावर तो २००४ मध्ये काढला. म्हणजे बघा, नेव्हरचं वेबटून आलं त्याच वर्षी.

आणि फोन खिशातला. कोण काय वाचतंय हे शेजारच्या सीटलाही कळत नाही.

(फोनचा स्क्रीन, क्लोजअप.)

२००८ ते २०११ नेव्हरवर एक वेबटून चाललं, त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'या, ३०५ नंबरच्या खोलीत' असा होतो. वानान नावाच्या कलाकाराचं. कॉलेजमधला एक साधासुधा मुलगा भाड्याच्या खोलीत राहायला येतो आणि रूममेट गे निघतो. मुलगा हादरतो, टाळतो, काहीबाही बोलतो, पण खोली एकच, जाणार कुठे. भांडी कोणी घासायची, रात्री दिवा कधी बंद करायचा, यातच त्यांचं एकमेकांशी जमत जातं. वानानने कथेचा हिरो गे मुलाला नाही केलं, घाबरलेल्याला केलं, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे, कारण वाचणारे बहुतेक जण त्या घाबरलेल्या मुलासारखेच होते. त्यांनाही त्याच्याबरोबर आठवड्याला एक एक पायरी चढायला मिळाली. परिषदा, मोर्चे, भाषणं लागतातच, मी त्यांना कमी लेखत नाही, पण तीन वर्षं एकाच खोलीत राहिल्यावर जे होतं ते भाषणाने होत नाही.

२०१२ मध्ये आणखी एक आलं, वान्जा या नावाने लिहिणाऱ्या मुलीचं, स्वतःच्या आयुष्यावरचं. ती आणि तिची मैत्रीण. गोल चेहरे, ठिपक्यांचे डोळे, जेवण काय करायचं, रुसवे, आजारपण. खाली कमेंटमध्ये मारामारी चालायची, वर दोघी भात खात असायच्या.

(पुस्तकाचं दुकान. बीएलचं शेल्फ.)

हे शेल्फ बीएलचं, म्हणजे बॉईज लव्ह. बहुतेक लिहिणाऱ्या बायका, बहुतेक वाचणाऱ्याही बायकाच. याचं मूळ नव्वदच्या दशकातल्या फॅनफिक्शनमध्ये, पॉप ग्रुपमधल्या मुलांच्या आपापसातल्या प्रेमकथा शाळकरी मुली लिहायच्या. त्यातल्या काही मुली पुढे स्वतःलाच इबान म्हणवून घ्यायला लागल्या. इलबान म्हणजे सर्वसाधारण लोक, आणि कोरियनमध्ये इल म्हणजे एक, इ म्हणजे दोन, म्हणून हे दुसरे, वेगळे लोक ते इबान. समाजाने शब्द द्यायची वाट न बघता कोरियातल्या समलैंगिक लोकांनी आपला आपण तयार केलेला हा शब्द. बीएलवर एक आक्षेप घेतात आणि तो खराच आहे, त्यात गे माणसाची नोकरी, आईवडील, सैन्यातली सक्तीची भरती फारशी कुठे येत नाही. पण २०२२ मध्ये सिमँटिक एरर ही आठ भागांची सिरीज वाच्चा या ॲपवर आली आणि दोन मुलांची प्रेमकथा लोकांनी आपापल्या नावानिशी उघडपणे डोक्यावर घेतली, हेही खरं.

(रंगमंच. रिकामा. मग पोशाख, मिशा, पंखा.)

आता हे वेबटून. जंगन्यॉनी, २०१९ ते २०२२, कथा सॉ इ-रे, चित्रं नामोन. १९५० च्या दशकातल्या गुकगुक मंडळींची गोष्ट. हे संगीत नाटकच, पण सगळ्या भूमिका बायकांच्या, राजा, सेनापती, प्रियकर सगळं बायकाच करणार. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे, त्याच्या नेमकं उलट. आणि प्रेक्षक मुली या मंचावरच्या पुरुषांसाठी वेड्या व्हायच्या. कॉमिकमध्ये गावाकडून आलेल्या जंगन्यॉनच्या आयुष्यात बूयोंग येते, आधी तिची फॅन, नंतर तिचं प्रेम. २०२३ मध्ये यावरच राष्ट्रीय चांगगुक कंपनीने, म्हणजे पारंपरिक कोरियन संगीत नाटकाच्या सरकारी मंडळीने, रंगमंचावर प्रयोग केला. २०२४ मध्ये टीव्ही मालिका आली, मोठी नटी, मोठा खर्च, सेट डोळे दिपवणारे, आणि बूयोंग त्यात नाही. पात्रच काढून टाकलं. वाचकांनी आरडाओरडा केला, पण सिरियल बूयोंगशिवायच संपली. लाखो लोकांनी फोनवर जिला आपलं मानलं ती दिवाणखान्यातल्या पडद्यावर येऊ शकली नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

(सोल प्लाझा. हिरवळ. कोणी नाही.)

प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी म्हणणारे कोरियन २००२ मध्ये २५ टक्के होते, २०१९ मध्ये ४४, आणि तिशीच्या आतले ७९ तर पन्नाशीपुढचे २३. हे सगळं वेबटूनमुळे असं मी म्हणत नाही. भेदभावविरोधी कायदा २००७ पासून अडकलाय, लग्नाचा हक्क नाही, २०२३ मध्ये समलैंगिक लोकांच्या क्वीअर फेस्टिव्हलला सोल प्लाझाचं हे मैदान मिळालं नाही, २०२४ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडीदाराला आरोग्य विम्यात धरायला सांगितलं.

(परत टेबल. रात्र. हात.)

अपलोडला थोडा वेळ आहे. बसस्टॉपवरच्या दोघी तशाच बसल्यात. तिने मधली पांढरी जागा अजून दोन बोटं वाढवलीये.