प्रवाहातून बाहेर पडणारी पेशी

काचपट्टीवर पसरून रंगवलेला हा रक्ताचा थेंब पाहा. गुलाबीसर चकत्यांसारख्या दिसतात त्या तांबड्या पेशी, आणि त्यांच्या गर्दीत मधूनच दिसणारी, जांभळ्या केंद्रकाच्या तीन-चार पाळ्या असलेली मोठी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या बहुधा निम्म्याहून अधिक याच असतात. जिवाणूंचा संसर्ग झाला की रक्तातून सर्वांत आधी धावून जाते ती हीच. मात्र प्रवाहात असताना ती शांत असते, लढण्याजोगी होते ती वाटेत.

त्वचेत काटा रुतला आणि त्याच्याबरोबर जिवाणू आत शिरले, की तिथे आधीपासून ठाण मांडून असलेल्या, जिवाणूंना आणि मृत पेशींना गिळणाऱ्या महाभक्षक पेशी रासायनिक इशारे सोडतात. त्या इशाऱ्यांमुळे जवळच्या बारीक नीलांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उगवतात. वेगाने जाणारी न्यूट्रोफिल त्यांना अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि भिंतीलगत घरंगळू लागते. तिच्या अंगावर इंटिग्रिन नावाची प्रथिने आधीपासूनच असतात, पण ती मिटलेली असतात. भिंतीवरचा इशारा मिळताच ती क्षणार्धात उलगडतात आणि पेशी भर प्रवाहात जागच्या जागी थांबते.

या सगळ्या प्रवासातला सर्वांत विलक्षण क्षण हा थांबण्याचाच आहे, असे आम्हाला वाटते. काही मुलांमध्ये हे इंटिग्रिन जन्मतःच सदोष असते. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिलची संख्या प्रचंड असते, तरीही जखमेत पू धरत नाही आणि संसर्ग पसरत जातो. कारण पेशी असूनही त्यांना रक्ताबाहेर पाऊल टाकता येत नाही.

थांबलेली पेशी चपटी होते आणि अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून पलीकडच्या ऊतीत उतरते. आता तिला माग काढायचा असतो. जिवाणू आपल्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल गट जोडलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाने करतात आणि त्या प्रथिनांचे सुटे तुकडे आसपास विखुरतात. ते ओळखणारे ग्राही न्यूट्रोफिलकडे असतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी चित्रित केलेल्या दृश्यात हा पाठलाग स्पष्ट दिसतो: तांबड्या पेशींना बाजूला सारत न्यूट्रोफिल पळणाऱ्या जिवाणूच्या मागे वळते, तिची पुढची कड पातळ होऊन पसरते, मागची बाजू आक्रसते आणि अखेरीस ती त्याला गिळते.

गिळल्यानंतर ती एकाएकी कितीतरी पट अधिक ऑक्सिजन वापरू लागते. हा ऑक्सिजन श्वसनासाठी नसतो. त्यापासून सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या साहाय्याने हायपोक्लोरस आम्ल तयार होते, म्हणजे पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर जे जंतुनाशक तयार होते तेच. पुवाला येणारी हिरवट छटा बऱ्याच अंशी याच विकराची असते. पू साचलेल्या जागी ऑक्सिजन कमी असला तरी ही पेशी तग धरते, कारण तिची ऊर्जेची गरज मुख्यतः ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनातून भागते आणि जिवाणूंना मारणारी प्रथिने तिच्या कणिकांमध्ये आधीच भरून ठेवलेली असतात.

इकडे अस्थिमज्जेतही बदल होतो. एरवीही तिथे दररोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल घडत असतात. तीव्र संसर्गात ही निर्मिती आणखी वाढते आणि पुरत्या न पिकलेल्या पेशीही रक्तात सोडल्या जातात. त्यांच्या केंद्रकाच्या पाळ्या अजून पडलेल्या नसतात, ते वाकवलेल्या पट्टीसारखे दिसते. रक्ताच्या अहवालात ‘बँड सेल्स’ वाढल्याची नोंद येते ती यामुळे.

न्यूट्रोफिलची जिवाणूंना मारणारी रसायने जिवाणू आणि शरीराची स्वतःची ऊती यांत भेद करत नाहीत, म्हणून तिचे वेळेवर मरणेही तितकेच आवश्यक असते. काम झाल्यावर ती आतल्या आत आक्रसते, बाहेर काहीही सांडू न देता मरते आणि महाभक्षक पेशी तिला गिळते. गिळणारी पेशी मग दाह शमवणारी रसायने सोडू लागते, आणि नीलांच्या अस्तरावरचे सिलेक्टिन हळूहळू नाहीसे होते.