पेरू का नको, तेवढं सांग

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली आणि लोक झोपेतून उठले तेव्हा पलंगाखाली पाणी होतं. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता.

हा आकडा हवामान खात्याच्या तक्त्यात कुठे बसतो ते पाहा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्याहूनही वर गेला तर अत्यंत मुसळधार. म्हणजे शंभर मिलिमीटर ही मुसळधारमधली पहिलीच पायरी. दिवसभराच्या झडीत एवढा पाऊस पडला असता तर आपण छत्री उघडून कामाला गेलो असतो. पण तो चार तासांत पडला, रात्री पडला आणि पावसाळ्याच्या शेवटी भरलेल्या तलावावर पडला. तक्त्याला यातलं काहीच दिसत नाही. तो पाऊस मोजतो. पाणी कोणाच्या घरात शिरेल हे सांगायला तलावाची पातळी, नाल्याची रुंदी आणि वस्तीचा उतार माहीत असावा लागतो. ती माहिती हवामानशास्त्रज्ञाकडे नसते. महापालिकेच्या, पाटबंधाऱ्याच्या कपाटात असते. हवामान खातं आणि ही कपाटं यांच्या मधल्या जागेत मी गेली कित्येक वर्षं काम करते आहे, आणि आज त्याच जागेबद्दल बोलणार आहे.

मी काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. शिकून हवामानाच्या क्षेत्रात गेले तेव्हा घरी फार कौतुक झालं. पहिल्या वर्षी जूनमध्ये घरी आले आणि बाबांना नकाशे दाखवू लागले. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा, वाऱ्यांची दिशा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेरू का नको, तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना वाचून दाखवलं होतं, "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता." त्यांनी 'तुरळक' ऐकलं आणि त्यांना वाटलं, पाऊस किरकोळ येणार. या एका शब्दावर मला जरा थांबायचं आहे, कारण याच्यामुळे दरवर्षी हजारो लोकांची गफलत होते. अंदाजाच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' हे शब्द पावसाच्या जोराबद्दल नसतात, ते जागेबद्दल असतात. त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत. जिथे पडेल तिथे धो धो पडू शकतो. आमच्या परिभाषेचा अर्थ ऐकणाऱ्याच्या कानात नेमका उलटा होतो आणि आम्ही वर्षानुवर्षं तीच वाक्यं छापत राहतो. ही चूक आमची आहे, शेतकऱ्याची नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. पेरू का नको? कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणीची घाई करू नका. सल्ला चांगला आहे. तरी मृग लागला, दोन सरी आल्या की लोक पेरतात. त्यांना अडाणी म्हणू नका. वाट पाहण्यालाही किंमत असते. हिशोबापुरते सोपे आकडे धरू. समजा, पेरणी आठवडाभर लांबली तर एकरी एक हजार रुपयांचं उत्पन्न घटतं. आणि पेरल्यावर पावसानं दडी मारली तर बियाणं, खत, मजुरी मिळून चार हजार मातीत जातात. हजार भागिले चार हजार म्हणजे पाव. तेव्हा दडी मारण्याची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल तर या माणसानं थांबावं, कमी असेल तर पेरावं.

शेजारच्या शेतात विहीर आहे, ठिबक आहे. तिथे पाऊस लांबला तरी नुकसान फार तर आठशेचं. त्यानं थांबायचं कारणच नाही. आणि पलीकडे तिसरा आहे, ज्यानं बियाण्यासाठी पैसे उसने आणले आहेत. दुबार पेरणीला त्याला कोणी परत पैसे देणार नाही. त्याचं नुकसान चार हजारांचं नसतं, त्याचा हंगाम जातो. दडीची शक्यता दहा टक्के असली तरी त्यानं थांबलेलं बरं. एकच आभाळ, एकच अंदाज आणि तीन धुऱ्यांवर तीन वेगळे निर्णय, तिन्ही बरोबर. आम्ही मात्र तिघांना मिळून एकच वाक्य पाठवतो, त्यात टक्केवारीही नसते. का, तर लोकांना टक्के कळणार नाहीत म्हणून! कळमन्याच्या बाजारात उभं राहून संत्र्याच्या ढिगाकडे नुसतं पाहून भाव ठरवणाऱ्या माणसाला टक्के कळत नाहीत, हे मला पटत नाही.

१९९३ मध्ये ॲलन मर्फी या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानं 'चांगला अंदाज' कशाला म्हणायचं हा प्रश्न मांडला होता. अंदाज खरा ठरणं एक आणि तो कोणाच्या उपयोगी पडणं दुसरं, हे त्यानं वेगळं करून दाखवलं. अंदाजाला स्वतःचं मोल नसतं, त्याच्यामुळे कोणाचा निर्णय सुधारला तरच ते येतं, हे त्याचं म्हणणं मला आजही रोज उपयोगी पडतं. आपल्याकडे याचा सगळ्यात ठळक पुरावा ओडिशात आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा आधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. उपग्रह आणि संगणक सुधारले होते, यात शंकाच नाही. पण गावोगावी निवारे बांधलेले होते, कोणाच्या घरी कोणी जायचं हे ठरलेलं होतं, आणि लोकांना इशाऱ्यावर भरवसा होता.

हा भरवसा फार नाजूक असतो. ३० मे २०२४ ला आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. नंतर खात्यानं तपासून सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ही दुसरी बातमी किती जणांपर्यंत पोहोचली? नागपूरचं ऊन एरवीही कमी नाही, २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ नोंदलं गेलं आहे. पण ५६ ऐकलेल्या माणसाला पुढच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, "पारा ४५ वर जाणार, जपा" सांगितलं तर तो म्हणेल, एवढंच ना! चुकीचा आकडा चुकीच्या दिवशी संपत नाही, तो पुढच्या खऱ्या इशाऱ्याची धार घेऊन जातो.

उन्हाच्या बाबतीत आपल्याला अहमदाबादकडून शिकता आलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. मग २०१३ मध्ये त्या शहरानं उष्मालाट कृती आराखडा केला. ४१, ४३ आणि ४५ अंश असे टप्पे ठरवले आणि प्रत्येक टप्प्यावर दवाखान्यानं काय करायचं, पाणीपुरवठ्यानं काय करायचं, हे आधीच लिहून ठेवलं. काही वर्षांत नागपूरनंही असा आराखडा केला. आता उन्हाळ्यात दुपारी चौकातले सिग्नल बंद ठेवतात, तोही याच जातीचा निर्णय. दुचाकीवरच्या माणसाला भर उन्हात दीड मिनिट उभं करायचं नाही, एवढी साधी गोष्ट. त्यासाठी नवं विज्ञान लागलं नाही. चौकात उभं राहून पाहावं लागलं.

कृषी हवामान सल्ल्याबद्दल दोन शब्द बोलते, आणि जरा चिडूनच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघतो. तो तालुक्यापर्यंत उतरावा म्हणून देशभरात सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली होती. २०२४ मध्ये ती बंद झाली. सल्ला आता आपोआप तयार होऊ शकतो, मग माणसं कशाला, असा विचार त्यामागे होता. मला तो मुळीच मान्य नाही. 'फवारणी पुढे ढकला' हे यंत्र सांगेल. पण 'या भागात संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू आहे, तेव्हा आठवडाभर थांबणं परवडणार नाही, उद्या सकाळी वारा पडलेला असताना उरकून घ्या' हे बांधावर जाणारा माणूसच सांगतो. वीज पडण्याची सूचना देणारं 'दामिनी' ॲप उत्तम आहे, पण शेतात निंदण करणाऱ्या बाईजवळ फोन असतोच असं नाही. तो बहुधा घरी, पोराच्या हातात असतो. तिच्यापर्यंत देवळाचा भोंगा पोहोचतो.

शेवटी कळमन्यातला एक अनुभव सांगते. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या हमालांशी बोलत होतो. आमचा इशारा दुपारी निघायचा, उद्या उष्णतेची लाट. मी विचारलं, या इशाऱ्याचं तुम्ही काय करता? एक जण म्हणाला, "ताई, उद्या किती वाजता यायचं हे आमचं रात्री आठला ठरते, मुकादमाचा फोन आला की. दुपारी सांगितलेलं तोवर कोण लक्षात ठेवते?" आम्ही वेळ बदलली. आता मजकूर साडेसातला मुकादमांच्या ग्रुपवर जातो आणि त्यात अंश नसतात. 'उद्या अकराच्या आत पोती उतरवून घ्या, चारपर्यंत सावलीत' एवढंच असतं. पहिल्या दिवशी एका मुकादमानं उलट विचारलं, "अकरा म्हणजे अकराच का? साडेअकरा चालेल का?" त्या दिवशी आम्ही तिघंजण तासाभराचं तापमान आणि आर्द्रता पुढ्यात घेऊन बसलो आणि त्याला उत्तर दिलं. चालेल, पण ट्रक सावलीत लावून.