जुन्या टेबल सॉला नवा फेन्स

(पट्टीच्या दोन्ही टोकांना कॅलिपर लागतो)

एकाच पट्टीची ही दोन टोकं. इकडे ४२ मिलीमीटर, तिकडे ३९. पात्याला धार आहे, मोटर दमदार आहे, सागवान वाळलेलं आहे. तीन मिलीमीटर खाल्ले ते फेन्सने, म्हणजे फळी जिला टेकवून पात्याकडे सरकवतात त्या आधाराच्या भिंतीने.

जालन्यातल्या सुतारखान्यातलं हे जुनं १० इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत. मिस्त्री हँडल आवळतायत, तेव्हा फेन्सचं मागचं टोक बघा. पुढून घट्ट होता होता मागून सरकतं. फेन्स ज्यावर सरकतो त्या पुढच्या रुळावर पकड जेमतेम चार बोटांची. तेवढ्यावर दीड फुटाचा फेन्स काटकोनात राहायचा कसा? अशी मशीन भंगारात जातात. जायला नकोत. मोटर, शाफ्ट, बेअरिंग ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो फेन्सच, आणि तो लोखंडी पाईप आणि अँगल (एल आकाराची पट्टी) यांतून नव्याने करता येतो.

(पात्याच्या एका दातावर खडूची खूण)

आधी पातं. प्लग काढून ठेवलाय. खूण केलेला दात पुढे आणून टेबलावर पात्याच्या बाजूने जाणाऱ्या लांब खाचेपासून मोजायचा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजायचा. फरक ०.१ मिलीमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर टेबलाखाली पात्याची बैठक धरणारे बोल्ट ढिले करून ती सरकवायची. पुढे फेन्सही याच खाचेशी जुळवायचा आहे.

(लोखंडाचं दुकान)

रुळासाठी ५० बाय ५० चा चौरस पाईप, ४ फूट. दुकानात नुसता पाईप मागितला की १६ गेजचा हातात पडतो. तो दाबाखाली लवतो. ३ मिलीमीटर जाडीचाच घ्यायचा. दोन पाईप पाठीला पाठ लावून उजेडाकडे धरले, की मधल्या फटीतून बाक लगेच दिसतो. जोडाची शिवण खाली ठेवायची.

हा पाईप अँगलवर बसतो आणि अँगल टेबलाच्या पुढच्या कडेला. टेबल ओतीव ॲल्युमिनियमचं; त्यात आटे पाडून बोल्ट आवळले तर आटे निघून येतात. म्हणून आरपार भोक, ८ मिलीमीटरचा बोल्ट, मागे मोठा वॉशर आणि नट. अँगलची भोकं लांबट, म्हणजे रूळ थोडा वरखाली करता येतो. टेबलाची कड सरळ नसतेच. जिथे फट राहते तिथे पत्र्याचा तुकडा घालायचा, बोल्टने ओढून रूळ वाकवायचा नाही. रुळाचा माथा खाचेच्या तळापेक्षा खाली. टेबल आणि पाईप यांच्यात २५ मिलीमीटर मोकळे.

(वेल्डिंगची ठिणगी)

आता टी, म्हणजे टी अक्षरासारखा जोडलेला फेन्स. रुळावर आडवा बसणारा अँगल ३०० मिलीमीटर लांब; सगळी स्थिरता या लांबीत आहे. त्याला फेन्सचा ७५ बाय ५० चा पाईप जोडायचा. इथेच काम फसतं. एका बाजूने सलग वेल्ड मारला की थंड होताना लोखंड तिकडे ओढलं जातं आणि काटकोन जातो. चारी कोपऱ्यांना टाके, गुण्या लावून तपासणी, मग आलटून पालटून छोटे वेल्ड. गार झाल्यावर पुन्हा गुण्या. उरलेली चूक मागचे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) भरून काढतात. त्यांच्या टोकांना नायलॉनच्या गुंड्या आहेत, त्या रुळाच्या पाठीला टेकतात.

हँडल फिरवलं की पुढून रुळाला आवळणारा कॅम लेथवर होतो. ४० मिलीमीटरच्या गोल सळीची चकती, भोक मध्यापासून अडीच मिलीमीटर बाजूला. भोक याहून लांब पाडलं तर पकड झटकन येते, पण मशीनच्या थरथरीने हँडल सुटतं. कॅम आणि पाईप यांच्यात पितळी पत्ती ठेवली की रुळावर ओरखडे पडत नाहीत.

फेन्सच्या अंगाला १८ मिलीमीटरचा प्लाय, त्याला दोन्ही बाजूंनी सनमायका. एकाच बाजूने लावली तर पावसाळ्यात प्लाय बाक धरतो. खालची फट अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त नको. नाहीतर १ मिलीमीटरची सनमायका कापताना शीट फेन्सखाली घुसते.

(फेन्स खाचेला लावून बघताना)

फेन्स खाचेच्या कडेला आणून आवळलाय. मागचं टोक पात्यापासून पुढच्यापेक्षा एक कागदभर, म्हणजे ०.१ मिलीमीटर, जास्त लांब हवं. याहून वेगळं दिसलं की फेन्स उचलायचा, एक ग्रब स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ठेवायचा. मागचं टोक पात्याकडे कललेलं राहिलं तर लाकूड मागच्या दातांवर दाबलं जातं आणि उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं. फळी फाकवून धरणारा पात्यामागचा चाकूही काढायचा नाही.

(पट्ट्या एकामागून एक पडतात)

चार फुटी फळीतून निघालेली पट्टी दोन्ही टोकांना ४०. रुळावर चिकटवलेल्या टेपचा काटा या पट्टीवरूनच लावलाय. पातं बदललं की जाडी बदलते, तेव्हा एक तुकडा कापून, मोजून काटा पुन्हा जुळवावा लागतो.