४९ टक्क्यांतलं घर

बँकॉक. जमीन खात्याच्या कचेरीत काउंटरवर एक मालकीपत्र पडलंय. वर गरुडाची मुद्रा. आपल्या विष्णूचं वाहन, इथलं राजचिन्ह. कागद उलटा केला की मागे रकाने: फ्लॅट कोणी कोणाला विकला, कोणाकडे गहाण पडला. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसाच.

या कागदावर परदेशी माणसाचं नाव लागतं. जमिनीच्या कागदावर सहसा नाही. चार कोटी बाहत (थायलंडचं चलन) गुंतवले तर सरकारी परवानगीने राहण्यापुरती एक राय, म्हणजे १,६०० चौरस मीटर जमीन घेता येते, पण एवढा खिसा कितीजणांचा? बाकीच्यांनी बंगला बांधायचा तर भिंती स्वतःच्या, जमीन भाडेपट्ट्याची, फार तर ३० वर्षं. 'पुढची ३० पक्की' हे दलालाचं वाक्य ऐकून घ्यावं, त्यावर पैसे लावू नयेत. कोणा थाई माणसाचं नुसतं नाव पुढे करून जमीन घेणं तर गुन्हाच.

राहिला फ्लॅट. १९७९ च्या कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीत परदेशी मालकी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. गंमत अशी, की मोजतात क्षेत्रफळ, दारं नव्हे. वरच्या मजल्यावर एखाद्या परदेशी माणसाने ऐसपैस घर घेतलं, की खालच्या कित्येक छोट्या फ्लॅटांचा वाटा संपला. म्हणून बयाणा देण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून विचारून घ्यायचं: परदेशी ४९ टक्क्यांत जागा शिल्लक आहे का? नोंदणीच्या दिवशी तसं पत्र लागतंच.

आता पैसा. खरी मेख इथे आहे.

साध्या व्हिसावर असलेल्याने फ्लॅटची किंमत परकीय चलनात बाहेरून आणली पाहिजे, आणि त्याचे बाहत थायलंडच्या बँकेत झाले पाहिजेत. पाठवताना कारण लिहायचं, 'फ्लॅट खरेदीसाठी'. बँक मग दाखला देते. घाईत घरूनच बाहत करून पाठवले, तर पैसे येतात, दाखला अडतो. बँकॉकमध्ये नोकरी करून बाहतमध्ये साठवलेला पगारही इथे कामाचा नाही. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी.

अशात स्थानिक बँकेचं बाहतमधलं गृहकर्ज कसं बसणार? पैसा बाहेरून आला हे दाखवायचं, आणि कर्ज तर इथलंच. मोजक्या बँका परकीय चलनात कर्ज देतात, अटी कडक. गहाणाच्या नोंदीला कर्जाच्या एक टक्का शुल्क, जास्तीत जास्त दोन लाख बाहत. भारतातून पाठवणाऱ्याला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहेच: माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. नवरा-बायको मिळून पाच.

आणि मालक वारला तर? वारसाला फ्लॅट मिळतो. पण तो या अटींत बसत नसेल, तर एका वर्षाच्या आत विकावा लागतो.