कऱ्हा मॅपमध्ये आहे की नाही?

सासवड आणि बारामतीवरून वाहणाऱ्या नदीचे नाव पडद्यावर एकाखाली एक असे तीनदा टाइप होताना दिसते: कऱ्हा. वाचणाऱ्याला तिन्ही ओळींत तसूभरही फरक जाणवत नाही. यांपैकी पहिले नाव जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका रिकाम्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे नावावरून नोंद शोधून देणाऱ्या साठ्यात, ‘की’ (शोधण्याचे नाव) म्हणून ठेवले आहे आणि काठावरच्या गावांची यादी ही तिची व्हॅल्यू, म्हणजे तिच्याखालची नोंद, आहे. आता प्रत्येक ओळीतले नाव मॅपमध्ये की म्हणून आहे का, असे ‘कंटेन्सकी’ या आज्ञेला विचारले की पहिल्या ओळीला ‘ट्रू’ आणि उरलेल्या दोन्ही ओळींना ‘फॉल्स’ असे उत्तर येते. इथे व्हॅल्यू आणून देणारे ‘गेट’ मुद्दाम टाळले आहे, कारण की नसली तरी ते ‘नल’ (काहीच नाही) देते आणि की असून तिची व्हॅल्यू नल असली तरीही तेच देते.

तिन्ही ओळींतली चिन्हे सुटी केल्यावर पहिलीत पाच चिन्हे दिसतात, कारण तिथे ऱ हे युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीतले ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर आहे. दुसरीत साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त आहे. तिसरीत र आणि हलन्त यांच्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह बसले आहे. युनिकोडने जुन्या मजकुरासाठी ही पद्धतही मान्य ठेवली आहे.

हॅशमॅप मात्र दिसणाऱ्या आकाराकडे पाहत नाही. नावाचा हॅश, म्हणजे त्याच्या चिन्हांवरून ठरणारी संख्या, काढताना आधीच्या रकमेला ३१ ने गुणून पुढच्या चिन्हाचा क्रमांक तिच्यात मिळवला जातो, शेवटी आलेल्या ३२ बिट्सच्या संख्येतील वरच्या १६ बिट्सची खालच्या १६ बिट्सशी एक्सऑर क्रिया होते (दोन बिट्स वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), आणि त्यातले शेवटचे चार बिट्स मॅपच्या १६ बकेटांपैकी, म्हणजे खणांपैकी, एक निवडतात. ही बकेटे शून्यापासून मोजली, तर पहिल्या कऱ्हाला ११ क्रमांकाची, दुसऱ्याला ० आणि तिसऱ्याला १५ क्रमांकाची बकेट मिळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या नावाची बकेटे रिकामीच असल्याने ‘इक्वल्स’ने तुलना करण्याची वेळही येत नाही. तिन्ही नावे अशीच साठवली गेली, तर एका नदीच्या तीन नोंदी होतात आणि तिची गावे तीन ठिकाणी विखुरतात.

मराठी नावे की म्हणून वापरणाऱ्या प्रत्येक प्रणालीत नोंद करण्याआधी आणि शोधण्याआधी नावाचे एकसारखे रूप करणे सक्तीचे असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जावाच्या ‘नॉर्मलायझर’ने एनएफसी हे सुटी चिन्हे जोडून होणारे युनिकोडचे प्रमाण रूप घेतले की दुसऱ्या ओळीतला र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसऱ्या ओळीला त्याचा उपयोग होत नाही, आणि जॉइनर नुसता पुसला तर र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर चढतो; म्हणून र, हलन्त आणि जॉइनर हा क्रम शोधून त्याजागी ऱ आणि हलन्त लिहावे लागतात. जुन्या मॅपमधल्या ‘की’ जागच्या जागी बदलता येत नाहीत, त्यामुळे सगळ्या नोंदी नव्या मॅपमध्ये भरणे भाग आहे. तिथे ‘पुट’ वापरल्यास नंतरची यादी आधीच्या यादीला पुसून टाकते. २०१४ साली जावा ८ मध्ये आलेल्या ‘मर्ज’ला याद्या जोडण्याची रीत सांगितली, तर तिन्ही याद्यांतली गावे एकाच कऱ्हाखाली येतात.