मज्जातंतूंचा वेग

मेंदूने आज्ञा दिली आणि हात हलला, या दोन घटनांमध्ये किती काळ जातो, हे प्रयोगशाळेत मोजता येईल असे १८४० च्या दशकापर्यंत फारसे कुणाला वाटत नव्हते. बर्लिनचे योहानेस म्यूलर हे त्या काळचे मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजण्याचे साधन आपल्याला बहुधा कधीच लाभणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये हा वेग मोजून दाखवला, तोही बेडकाच्या पायावर.

त्यांची युक्ती साधी होती. पोटरीच्या स्नायूला जाणाऱ्या मज्जातंतूला त्यांनी एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून दूर विजेचा हलका धक्का दिला, आणि दोन्ही वेळा स्नायू आकसायला किती वेळ लागतो ते टिपले. स्नायूची स्वतःची दिरंगाई दोन्ही वेळा सारखीच असते, त्यामुळे वजाबाकी केली की उरतो तो फक्त तंतूतल्या प्रवासाचा वेळ. उत्तर आले सेकंदाला साधारण २७ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. विचार क्षणार्धात घडतो, या समजुतीला बसलेला तो मोजमापाने दिलेला पहिला धक्का होता, असे मला वाटते.

संदेश इतका सावकाश का जातो? मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असे आपण सहज म्हणतो, पण ही उपमा फसवी आहे. तारेच्या एका टोकाला दिलेला प्रवाह तारेतून सरळ पुढे जातो. तंतूत मात्र संदेश जागोजागी नव्याने निर्माण होतो. शांत असताना तंतूच्या आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. संदेश पोचला की तंतूभोवतीच्या पातळ पटलातली सोडियमची दारे उघडतात, सोडियमचे आयन म्हणजे विद्युतभारित कण आत घुसतात, एखाद्या मिलिसेकंदापुरता तो भाग धन होतो आणि त्यामुळे शेजारची दारे उघडतात. हॉजकिन आणि हक्स्ले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे गणितासह उलगडले ते स्क्विड या समुद्री प्राण्याच्या तंतूवर, कारण तो अर्धा ते एक मिलिमीटर जाड असल्याने त्याच्या आत इलेक्ट्रोड घालता येतो. १९६३ च्या नोबेल पुरस्कारात त्या दोघांचा वाटा होता.

एवढा जाड तंतू असूनही स्क्विडचा वेग सेकंदाला २०-२५ मीटरच्या घरातच राहतो. आपले सर्वांत वेगवान तंतू त्याहून कितीतरी पटींनी बारीक असून सेकंदाला शंभर मीटरच्या पलीकडे जातात, आणि याचे श्रेय मायलिन या स्निग्ध आवरणाला आहे. हे आवरण सलग नसते. दर मिलिमीटरभर अंतराने त्यात सूक्ष्म फट असते, आणि सोडियमची दारे त्या फटींपाशीच दाटीने असतात, त्यामुळे संदेश एका फटीतून दुसरीत उडी मारत जातो. सगळ्या तंतूंना मात्र हे आवरण मिळत नाही. अंधारात पायाचा अंगठा उंबरठ्याला आपटला की स्पर्श लगेच जाणवतो, चटका त्यापाठोपाठ येतो, आणि खोल ठणका मात्र थोडा थांबून. कारण ठणक्याची बातमी आणणारे तंतू उघडे असून सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात.

आता पुण्याकडे येऊ. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू सापडला. या जिवाणूच्या बाह्य आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. म्हणून जुलाब थांबल्यावरही, जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आपल्याच तंतूंवर उलटतात. पाय लुळे पडू लागतात, मग हात, आणि श्वासाचे स्नायू दुर्बळ झाले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. या सगळ्यात रुग्णाची शुद्ध बहुधा शाबूत असते. मेंदू आज्ञा देत राहतो, ती वाटेत अडते.

निदानासाठी जी ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणी करतात, ती म्हणजे हेल्महोल्ट्झ यांचाच प्रयोग, फक्त बेडकाऐवजी माणसावर. अंगठ्याच्या मुळाशी इलेक्ट्रोड चिकटवून तंतूला आधी मनगटापाशी आणि मग कोपरापाशी धक्का देतात. दोन्ही वेळा अंगठा टुणकन उडतो. मधले अंतर २२ सेंटिमीटर आणि वेळेतला फरक ४ मिलिसेकंद असेल, तर वेग सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ठीक. मायलिनला इजा झाली असेल तर हा वेग घसरतो. तंतूच्या गाभ्यावरच हल्ला झाला असेल, आणि कॅम्पिलोबॅक्टरनंतर तसे बरेचदा होते, तर वेग जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो, पण स्नायूचा प्रतिसाद खुजा येतो. पहिल्या काही दिवसांत तपासणी निर्दोषही येऊ शकते, म्हणूनच गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहण्याची जुनी पद्धत डॉक्टर सोडत नाहीत.

बरे होण्याचा काळही यावरच ठरतो. मायलिन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा चढते. तुटलेला तंतू मात्र दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर मीटरभराचे असते. त्यामुळे ज्या रुग्णाचे तंतू खरोखर तुटले आहेत, त्याच्या मांडीत बळ परतल्यावरही पाऊल कित्येक महिने, कधी वर्षे, लोंबते राहू शकते.